आत गाडी होती

मंदारला हे माहीत नाही. इराला माहीत नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मी माझ्या आईला फोन करून सांगते, पण हे तिलाही कधी बोलले नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या घरी जेवायला येणार नाही. उद्या तुमच्यासमोर मला चहाचा कप ठेवायचा नाही.

आणि आधीच सांगून ठेवते—मी रडणार नाहीये. तशी अपेक्षा असेल तर पुढे वाचू नका.

गोष्ट एका शर्यतीची आहे. तीही खरी नाही, कॉम्प्युटरवरची. हसा हवं तर. मीही हसायचे. मंदारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, इथे दोह्यात, अल मुंतझा भागातल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये स्टीअरिंग, पेडल आणि भंगारातली एक गाडीची सीट आणून बसवली, तेव्हा हा हॉल आहे की गॅरेज, असं मी तोंडावर विचारलं होतं. दोह्यातली काही इंडियन, काही फिलिपिनो, एकदोन लेबनीज अशी मंडळी दर शुक्रवारी जेवणानंतर ऑनलाइन शर्यत लावायची. अमेरिकेत असतात तसल्या स्टॉक कार, जड आणि दणकट. अंडाकृती ट्रॅक, पण अवाढव्य, आणि वळणं परातीच्या काठासारखी उचललेली. ब्रेकवर कुणी पाय ठेवत नाही. सगळ्या गाड्या एकमेकींना चिकटून पळतात, कारण पुढच्या गाडीच्या आडोशाने वारा कमी लागतो आणि वेग वाढतो. मग एखादी जरा हलली की मागच्या सगळ्या तिच्यावर. अर्ध्या गाड्या शेवट बघतच नाहीत.

तर या प्रकारात आमच्या सासूबाई उतरल्या.

थांबा, आईंबद्दल आधी सांगायला हवं. नाशिकमध्ये त्यांनी तीसेक वर्षं बायकांना गाडी शिकवली. ड्रायव्हिंग स्कूल सासऱ्यांचं, पण बायकांची बॅच आईंची. दोन ब्रेकची गाडी. शिकणारी उजवीकडे, आई डावीकडे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मलाही त्यांनीच शिकवलं. त्यांचं एकच पालुपद असायचं—आरशावर विसंबू नकोस, मान वळव. नाही वळवली की हनुवटीला बोट लावून वळवायच्या. इथल्या लायसन्सच्या परीक्षेत भलेभले आपटतात, मी पहिल्या फटक्यात पास झाले, ते त्या बोटामुळे. त्यांचं श्रेय मी कधी नाकारलेलं नाही. आजही नाकारत नाही.

सासरे गेले. स्कूल पुतण्याकडे गेलं. मंदारने आईंना व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं आणि एका शुक्रवारी गंमत म्हणून त्या सीटवर बसवलं. अमेरिकन गाडी, म्हणजे स्टीअरिंग डावीकडे. आई म्हणाल्या, "डावीकडे बसायची सवय आहेच मला. फक्त इतकी वर्षं तिथे स्टीअरिंग नव्हतं." महिन्याभरात त्या या मंडळींच्या लीगमध्ये होत्या. बाकीचे घुसाघुशी करायचे, या शांतपणे मागे राहायच्या, पुढे ढीग झाला की बाजूने निघून जायच्या. सगळे त्यांना आजी म्हणायला लागले. फिलिपिनो पोरंसुद्धा.

एक अडचण होती. स्क्रीन एकच, त्यामुळे मान वळवायची सोय नाही. आरशात मागचं दिसतं, बाजूचं नाही. म्हणून प्रत्येकाला एक स्पॉटर घ्यायची मुभा होती. स्पॉटर दुसऱ्या स्क्रीनवर वरून ट्रॅक बघतो आणि चालकाच्या कानात सांगत राहतो—आत गाडी आहे, बाहेर गाडी आहे, मोकळं आहे. मंदार एका पायावर तयार होता. पण आई म्हणाल्या, "तू नको रे बाबा, तुझ्या आरड्याओरड्याने माझा हात सुटेल. मृणालला बसू दे. ती थंड डोक्याची आहे."

थंड डोक्याची. बघा.

एकाच खोलीत बसलं की माइकमध्ये आवाज घुमतो, म्हणून आई हॉलमध्ये आणि मी बेडरूममध्ये, दार लावून. मंदार आणि आमची लेक इरा आईंच्या मागे सोफ्यावर. मी काय बोलते ते फक्त आईंच्या कानात. हे लक्षात ठेवा.

त्या वाईट होत्या का? हेच तर. वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं! टोमणे मारले असते, माहेर काढलं असतं, तर मी चार गोष्टी सुनावून मोकळी झाले असते. तसं काहीच नाही. इंडस्ट्रियल एरियातल्या ऑफिसमधून ट्रॅफिकमध्ये पिचून मी घरी यायचे, तर चहा तयार. कणीक मळलेली. ओटा लखलखीत. आणि मीठ कुठे आहे हे मला विचारावं लागायचं. माझ्या घरात—मीठ. इराशी मी जन्मापासून मराठी बोलते आणि ती मला 'टू मिनिट्स मम्मा' म्हणते. आजीशी तीच पोरगी नाशिकच्या बाईसारखी 'काय गं आजी, आज काय केलंस' बोलायला लागली. मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. जळफळाट झाला. बिल्डिंगमधल्या बायका बेल वाजवायच्या आणि मी दार उघडलं की माझ्या खांद्यावरून आत बघायच्या—काकू आहेत का?

मग मंदारने त्यांच्या इथे राहण्याच्या कायमच्या परमिटचं काढलं. इन्शाल्ला होऊन जाईल, कागद देतो, आजी-नात एका खोलीत राहतील. मला विचारलं? विचारलं. कसं, तर "तुला काही प्रॉब्लेम नाही ना?" अशा प्रश्नाला काय उत्तर असतं सांगा.

आई मात्र लगेच हो म्हणाल्या नाहीत. हसत म्हणाल्या, "सीझनची शेवटची शर्यत होऊ दे. पहिल्या पाचात आले तर राहते, नाहीतर आपलं नाशिक बरं." सगळे हसले. मी नाही हसले. मी त्या बाईच्या शेजारी बसून गाडी शिकले आहे. त्या हसत जे बोलतात, ते करतात.

शर्यतीच्या दिवशी मी सकाळी काही ठरवलं होतं का? नाही. हे खरं आहे, पण याचा मला काही फायदा नकोय. जेवणं झाली, मी दार लावून बसले, हेडफोन घातले. सुरुवातीलाच मोठा ढीग झाला. एक गाडी आडवी, तिच्यावर दुसरी, तिसरी भिंतीला घासत उलटी. "बाहेरून जा आई, बाहेर मोकळं," मी म्हणाले, आणि त्या सुईत दोरा ओवावा तशा निघून गेल्या. पुन्हा सुरुवात, पुन्हा ढीग. आत, बाहेर, थांबा, आता जा. मी उत्तम काम करत होते. हेही लिहून ठेवते, कारण ते कुणी कधी म्हणालं नाही. निम्म्याहून जास्त गाड्या बाद झाल्या आणि आई चौथ्या नंबरवर आल्या. दाराबाहेर इरा उड्या मारत होती. मराठीत ओरडत होती.

शेवटची फेरी सुरू झाली. आईंच्या आतल्या बाजूला एक निळी गाडी आली, दोह्याजवळच्या अल वक्रा गावात राहणाऱ्या एका मल्याळी मुलाची. दाराला दार लागलेलं. आईंनी कानात विचारलं, "मृणाल, आत येऊ का?"

मला निळी गाडी दिसत होती. स्पष्ट. सांगू की नको असं झालं नाही, कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही. एक श्वास घेण्याइतका वेळ होता आणि तो मी घेतला.

"मोकळं आहे," म्हणाले.

आणि त्या वळल्या. लगेच, जराही न कचरता. तीस वर्षं बायकांच्या हनुवट्या वळवणारी बाई माझ्या एका शब्दावर वळली. निळी गाडी धडकली, दोघी भिंतीकडे गेल्या, मागच्या सगळ्या त्यांच्यावर. एवढा मोठा ढीग त्या सीझनमध्ये झाला नव्हता. मी हेडफोन काढून दार उघडलं.

तुम्हाला वाटत असेल, झाला कबुलीजबाब. नाही. खोटं बोलणं ही त्यातली लहान गोष्ट आहे.

मंदारने रिप्ले लावला. त्यात आवाज नसतो, गाड्याच फक्त. निळी गाडी किती वेळ शेजारी होती ते लख्ख दिसलं. मंदारने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईंकडे. "एवढा वेळ ती आत होती. हिने सांगितलं नाही तुला?"

मी दारात उभी होते. बाई, आता जे व्हायचं ते होऊ दे, असं वाटत होतं. खरंच. होऊ दे एकदाचं भांडण.

आईंनी चष्मा काढून पदराला पुसला. म्हणाल्या, "सांगितलं की. आत गाडी आहे म्हणाली ती. मीच घाई केली."

माझ्याकडे बघितलंही नाही. उठल्या आणि चहा टाकला.

मी काय केलं? काही नाही. कप पुढे आला तो घेतला. उपकार वाटले असतील म्हणता? राग आला. अजून येतो. चहा त्यांचा, मीठ त्यांचं, इराची मराठी त्यांची, आणि घरात एक गोष्ट तेवढी पूर्णपणे माझी होती, मी केलेली, माझ्या तोंडातून निघालेली—तीही उचलून त्यांनी स्वतःच्या नावावर करून टाकली. कुणी मागितलं होतं? मला भांडू तरी द्यायचं होतं.

लीगच्या ग्रुपवर लोक तुटून पडले. आजींना आता झेपत नाही, त्यांना मागे ठेवा, वगैरे. आईंनी त्यांच्या नाशिकच्या हिंदीत सगळ्यांची माफी मागणारा व्हॉइस मेसेज टाकला. निळ्या गाडीवाल्या मुलाला वेगळा. मी शेजारी बसून मेथी निवडत होते. एकाही शब्दाला अडवलं नाही.

बोलल्याप्रमाणे त्या परत गेल्या. विमानतळावर मला म्हणाल्या, "गाडी नीट चालव गं. मान वळवत जा." एवढंच. त्यांना माहीत आहे. मला माहीत आहे त्यांना माहीत आहे.

आणि घर मला परत मिळालं. मीठ जिथे मी ठेवते तिथे असतं. मला ते आवडतं. मला वाईट वाटायला हवं म्हणून मी ते नावडतं करून घेणार नाही. इरा पुन्हा 'टू मिनिट्स मम्मा' म्हणते. म्हणू दे.

पण एक गोष्ट राहिली, आणि तिच्यासाठीच हे सगळं लिहिते आहे. आईंची नाशिकला स्वतःची छोटी गाडी होती. त्या परत गेल्यावर मंदार दर रविवारी फोनवर त्यांच्या मागे लागला. आई, तुझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही, शेजारची गाडी तुला सांगूनही कळली नाही, रस्त्यावर असं झालं तर? तो काळजीने बोलत होता. फोन स्पीकरवर होता, मी तिथेच इस्त्री करत होते. आई आधी हसल्या. मग दोन-तीन रविवार टाळाटाळ केली. मग एका रविवारी म्हणाल्या, "बरं, दिली किल्ली पुतण्याला." ज्या बाईने अर्ध्या नाशिकच्या बायकांना गाडी शिकवली, ती आता भाजीला रिक्षाने जाते. एक वाक्य बोलून त्या किल्ली ठेवून घेऊ शकल्या असत्या. नाही बोलल्या. मीही बोलू शकले असते. मी मंदारच्या शर्टाची कॉलर उलटवली आणि दुसऱ्या बाजूने इस्त्री केली.

त्या त्यांच्या मोठेपणाने गप्प राहिल्या असतील. मी माझ्या सोयीने गप्प राहिले. दोन्ही एक नाही, आणि मला त्यांच्या मोठेपणाच्या सावलीत उभं राहायचं नाही.

आईंची नजर उत्तम आहे. हात उत्तम आहेत. त्यांनी घाई केली नाही, त्यांनी विचारलं होतं. आत गाडी होती, ती मला दिसत होती, आणि मी मोकळं आहे म्हणाले. हे माझं आहे.