भावकीच्या लिंका

सकाळी चहाच्या आधी मी मोबाईलवर ‘पवना कॅम्पिंग’ टाकून आमचा नंबर बघायचे. लोक देवापुढं हात जोडतात, मी पान खाली सरकवायचे. पहिल्या पानावर होतो तोवर ठीक चाललं होतं. पाऊस सरला, तंबू ताणायचे दिवस आले आणि नेमके तेव्हाच आम्ही दुसऱ्या पानावर घसरलो. दुसऱ्या पानावर कोण जातंय हो? मी स्वतः आयुष्यात कधी गेले नाही.

नवरा पूर्वी तळेगावकडच्या एका कारखान्यात पत्रे ठोकायच्या प्रेस मशीनवर होता. त्या धडधडाटानं डावा कान जवळजवळ गेलाच. उजवा हवा असेल तर हे काम सोडा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, म्हणून सोडलं. पवनानगरच्या पुढं पाण्याकाठी आमचं वावर आहे, तिथं तंबू टाकले. वेबसाइट मी केली, कारण माझं माहेर लोणावळ्याचं आणि कॉम्प्युटरचा क्लास केलेली घरात मी एकटीच. आता जुन्या सुपरवायझरचे फोन सुरू झाले होते, माणूस कमी पडतोय, परत ये म्हणून. नवरा म्हणायचा, डिसेंबरचं बुकिंग बघू, नाही झालं तर जातो. बाजारातून मेथी आणतो म्हणावं इतक्या सहज म्हणायचा. त्याचा उरलेला कान माझ्या त्या वेबसाइटवर टांगलेला होता, आणि ती रोज खाली खाली चाललेली.

माझी एक मैत्रीण पुण्यात वेबसाइट सर्चमध्ये वर आणायचंच काम करते. तिला फोन लावला. ती म्हणाली, तुझ्या साइटकडे बोट दाखवणारं कुणी नाही. दुसऱ्यांच्या साइटवर तुझी लिंक असली, तर सर्चला वाटतं, या माणसाला चार लोक ओळखतात. पुढंही ती बरंच काही सांगत होती, पण मला कुठला दम! ओळखणाऱ्यांचा आम्हाला काय दुष्काळ? अर्धी भावकी कॅम्प चालवते. मी फोन ठेवला आणि चप्पल घातली.

घरोघरी जाऊन सांगितलं की तुम्ही आमची लिंक घाला, आम्ही तुमची घालतो. लावणीला एकमेकांच्या शेतात जातो, तसंच हे. कुणी नाही म्हणालं नाही. पण आमच्याकडं कुठलीही यादी करायला घेतली की तिची लग्नपत्रिका होते. एकाचं घेतलं की दुसऱ्याचं राहून कसं चालेल? कॅम्पवाले झाले, मग मंडपवाला आला, जीपवाला आला, जावयाचं मोबाईलचं दुकान आलं, पिठाच्या गिरणीचंसुद्धा एक पान निघालं. वर ‘आमचे स्नेही’ असं लिहून मी सगळी नावं मानपानानं लावली, आणि तेच पान सगळ्यांनी जसंच्या तसं आपापल्या साइटवर चिकटवलं.

माझी थोरली चुलत जाऊ आमच्याशी बोलत नव्हती. माझ्या नणंदेच्या लग्नपत्रिकेत तिच्या नवऱ्याचं नाव गाळलं गेलं होतं. छापखान्यात सुटलं की कुणी मुद्दाम सोडलं, देव जाणे. ते दीर तो राग तसाच घेऊन वारले. आता त्यांच्याच नावानं ती कॅम्प चालवते. मी धीर करून त्यांचं नाव यादीत सर्वांत वर घातलं आणि तिला दाखवायला गेले. तिनं मोबाईल हातात घेतला, नावावरून बोट फिरवलं आणि मोबाईल परत दिला. संध्याकाळी मात्र तिच्याकडून धरणातल्या माशाचं कालवण आलं, झाकलेल्या पातेल्यात. नवरा त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवला.

आणि मग आम्ही सर्चमधून गायबच झालो. दुसऱ्या पानावर नाही, तिसऱ्यावर नाही, सरकवून सरकवून अंगठा दुखायला लागला. मी मैत्रिणीला सगळं दाखवलं, तर तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, अगं, हे सगळे एकमेकांनाच दाखवतायत, सर्चला ही टोळी वाटणार. तू मला दे, मी तुला देते, असल्या लिंकला कोण विचारतं? बदल्यात काही न घेता कुणी आपणहून दिली, तीच खरी. आधी हे पान काढ, आणि तू ज्यांना दिलीस त्यांच्याशी देवाणघेवाण मोड.

सांगायला काय जातंय हिचं! पत्रिकेतून नाव काढायचं, तेही छापून वाटल्यावर? बाकीच्यांचं फारसं अवघड गेलं नाही. मंडपवाला म्हणाला, काढा की, त्यात काय. पण थोरलीकडं जायचं म्हटलं की पाय उचलेना. त्या माणसाचं नाव आमच्या घरानं दुसऱ्यांदा काढायचं, आणि ते माझ्या हातानं. गुपचूप काढून टाकावं, तिला काय कळणार, असंही मनात येऊन गेलं. पण तिचं पातेलं अजून माझ्याकडंच होतं आणि ते परत करायलाच हवं होतं. रिकामं भांडं देत नाहीत, म्हणून त्यात बेसनाचे लाडू भरले आणि गेले.

ती तंबूच्या चादरी वाळत घालत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, घाईघाईत, कानाचं सुद्धा. तिनं एक चादर झटकली, दोरीवर टाकली, नीट केली. मला वाटलं, झालं, आता परत बोलणं बंद.

“पत्रिकेत ह्यांचं नाव गाळलं,” ती म्हणाली, “तवा सांगाय कोन आलं व्हतं? कुनी न्हाई. तू आलीस तरी. काढ तुझ्या पानावरचं.”

मी म्हटलं, बाई, तुमच्या साइटवरचं आमचं नाव पण काढावं लागेल, देवाणघेवाण म्हणून घातलंय ना ते.

“आता तू देनार न्हाईस. मंग मी येकटीनं ठिवलं तर तुमचं वाईट व्हईल का?”

मला मैत्रिणीचे शब्द आठवले. नाही म्हटलं, वाईट नाही होणार, उलट तसलंच चांगलं असतं.

“मंग कशाला काढू? घातलेलं नाव काढलं की कसं वाटतं, मला ठावं हाय. तुमचं ऱ्हाऊ दे.”

मला रडू आलं, आणि मी सरळ रडले. तिनं पातेलं घेतलं, लाडू बघितले आणि तूप कमी पडलंय म्हणाली.

घरी येऊन मी दिरांचं नाव काढलं. सर्चमध्ये बघितलं, आम्ही अजून कुठंच नव्हतो. मग तिची साइट उघडली. बाकीचं पान गेलं होतं. खाली एकच ओळ होती, आमच्या कॅम्पचं नाव. सुपरवायझरचा फोन दुपारी येऊन गेला होता, आणि नवरा अंगणात दोऱ्या गुंडाळत बसला होता. मी त्याच्या शेजारी बसून जाऊ काय म्हणाली ते सांगितलं. त्यानं हातातली दोरी खाली ठेवली आणि उजवा कान माझ्याकडं केला.

“काय म्हणली वहिनी? परत सांग.”