वाचनालयाच्या खिडकीखालचा पलंग

लग्नानंतर अकोल्यातल्या जुन्या वाचनालयात आम्ही दोघं रोज संध्याकाळी जायचो. हे उभ्यानंच वर्तमानपत्रं वाचायचे, मी बायकांच्या टेबलाशी मासिकं चाळायची. बोलायची मनाई, म्हणून निघायचं झालं की हे नुसते खाकरायचे. पुढं पुस्तकं पोत्यांत भरून दुसरीकडं हलवली आणि त्या दगडी इमारतीला कुलूप लागलं. बरीच वर्षं तिथं कबुतरंच राहिली. मग एका ट्रस्टनं दुरुस्ती करून डायलिसिस केंद्र सुरू केलं. "पाडली तं नाही!" हे खूश होऊन म्हणाले होते.

मधुमेहानं यांच्या किडन्या गेल्या आणि डॉक्टरांनी चिठ्ठी दिली ती तिथलीच. पहिल्या दिवशी पायरीवर थांबून हे हसले. "चाल, पुन्हा सभासद झालो." मला हसता आलं नाही.

पलंग मिळाला उंच खिडकीखालचा. पूर्वी तिथंच वर्तमानपत्रं लावलेली असायची. सुया टोचल्या की यांचा हात अडकायचा, नजरही अधू झालेली.

"तू वाच ना. मले दिसून नाही राहिलं."

मी यांच्या कानाशी हळू आवाजात कादंबरी वाचू लागले. तेव्हा शेजारच्या पलंगावरचे म्हातारे चाचा म्हणाले, "बेटी, जरा जोर से. हम भी सुन रहे." त्या दालनात मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले.

एका सकाळी वाचता वाचता यांचा चेहरा पांढराफटक पडला. "थांब जरा," एवढंच म्हणाले. सिस्टर धावल्या, मला बाहेर काढलं. पानात बोट तसंच ठेवून मी व्हरांड्यात उभी राहिले. डॉक्टर बाहेर आले आणि आधी त्यांनी मला बसायला सांगितलं. तेव्हाच कळलं.

तेरवी झाल्यावर चाचांचा मुलगा घरी आला. "काकू, अब्बा विचारून राहिले, गोष्टीत पुढं काय झालं म्हणून. याल का?"

गेले. खिडकीखाली आता एक कोवळा पोरगा होता, त्याची आई उशाशी. मी चाचांजवळ बसून पुस्तक उघडलं. ओळी दिसत होत्या, पण आवाजच फुटेना.

"रहने दो बेटी," चाचा म्हणाले. "बस बैठो."

त्यांचं मशीन थांबेपर्यंत बसले. पुन्हा मात्र पाऊल वळलं नाही. आता बाजारात जाताना मी रिक्षा लांबून घ्यायला लावते. रिक्षावाला म्हणतो, "काहून हो काकू, इकडून जवळ पडते ना?"