गाण्याच्या मधोमध सत्कार

“ताई, इको कोठे शे? आवाज कोरडा लागी राहिना.”

भिकननाना माझ्या मिक्सरवर शालींचा गठ्ठा ठेवून उभे होते. पारोळ्याला त्यांच्या पुतण्याची हळद होती. ऊन कलायला लागलं होतं तरी मांडवाचं कापड तापलेलंच होतं. आणि स्टेजवर जळगावची चार पोरं कोट-टाय घालून घामाने निथळत होती.

मी आधी शाली उचलून खुर्चीवर ठेवल्या. सगळे माइक आणि वाद्यं ज्या पेटीत येतात आणि कुणाचा आवाज किती ते जिथून ठरतं, ती पेटी म्हणजे मिक्सर. ती तापली की रुसते. वडिलांनी धंद्याची वाटणी केली तेव्हा मंडप भावाला दिला आणि साउंड मला. मंडप कमी-जास्त करा असं कुणी म्हणत नाही. साउंड कमी-जास्त करायला मांडवातला प्रत्येक माणूस येतो.

आणि आमच्याकडे प्रत्येकाला इको लागतो. एकदा ‘हॅलो’ म्हटलं की मागून तीन वेळा ‘हॅलो’ घुमलं पाहिजे. वाढदिवस असो, प्रचारसभा असो. इको नसेल तर लोक समजतात की साउंडवालीने जुनं सामान आणलं.

“नाना, ही पोरं तिघं मिळून गातात,” मी म्हटलं. “तीन आवाज एकमेकांत बसवलेले आहेत. त्यात इको टाकला तर वांग्याच्या भरतात पाणी ओतल्यासारखं होईल.”

“मंग मन्हा माइकले तरी द्या. लोकेस्ना नावे मी सांगसू. नाव कसं घुमाले जोयजे.”

मिटलं. नानांना वेगळा माइक दिला, इकोसकट. ही माझी त्या दिवसाची सगळ्यात शहाणी तडजोड आहे असं मला वाटलं होतं.

पोरांच्या बँडचं नाव ‘डेझर्ट कूलर्स’. साठ-सत्तरच्या दशकातले इंग्लंडचे बँड ऐकून ही डोकी फिरलेली. म्हणून कोट-टाय. त्या बँडांना थंडी वाजत असणार, एवढा साधा विचार यांच्या मनात आला नाही. गाणी मात्र स्वतःची, मराठीतली. गाणी लिहिणारा आणि गाणारा मिलिंद. त्याने मला समजावलं होतं, “ताई, याला पॉवर पॉप म्हणतात. तीन मिनिटांचं गाणं, गोड चाल आणि अंगावर येणाऱ्या गिटारी.”

“म्हणजे गूळ घातलेला ठेचा,” मी म्हटलं. त्याला ते फारसं आवडलं नाही.

पुण्याच्या एका फेस्टिवलला त्यांना व्हिडिओ पाठवायचा होता. अट अशी, की गाणं लाइव्ह हवं, समोर पब्लिक हवं आणि कुठेही कापाकापी नको. जळगावात यांच्यापुढे बसणारं पब्लिक म्हणजे यांचे शेजारी, तेही तक्रार करायला येणारे. म्हणून मीच नानांना गळ घातली. ऑर्केस्ट्रा यायच्या आधी दोन गाणी वाजवू द्या म्हटलं.

खरा घोर होता ड्रमर हर्षलचा. त्याचे वडील, धुळ्याचे वसंतआबा, त्याला सुरतला मामाच्या गोडाऊनवर पाठवायला निघाले होते. निवड झाली तर दिवाळीपर्यंत थांबू, नाही झाली तर बॅग भरायची, असं ठरलेलं. आबा नानांचे नातेवाईक, त्यामुळे हळदीला हजरच होते. मागच्या रांगेत गाडीची किल्ली बोटात फिरवत बसले होते. मघाशी माझ्यासमोरच पोराला म्हणाले, “ढोल वाजाडाले तुले इंजिनेर करं का?” हर्षलने काठ्या पुसल्या. मला त्या पोराची फार दया आली. ड्रमर गेला की बँड संपतो. गिटारवाले गल्लोगल्ली मिळतात.

पहिल्या गाण्यात लाइट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत गाणं संपलं होतं. आता एकच उरलं होतं. ऑर्केस्ट्रावाले स्टेजच्या पायरीवर येऊन थांबलेच होते.

दुसरं गाणं सुरू झालं. ‘जाऊ नको, मी कूलर लावतो’ असं त्याचं ध्रुवपद. मी खरंच सांगते, ते लागलं तशी पोटात गुदगुली झाली. पुढच्या रांगेतल्या बायका पायाने ठेका धरायला लागल्या. कॅमेरा चालू, माझ्याकडचा आवाज थेट त्यात जात होता. सगळं झकास चाललं होतं.

आता या गाण्यात एक जागा आहे. शेवटच्या ध्रुवपदाआधी सगळे एकदम थांबतात. हर्षल फक्त काठीने हळू टिक-टिक करत राहतो आणि मग सगळे एकदम तुटून पडतात. त्याला ते ‘स्टॉप’ म्हणतात. इंग्लंडमध्ये अशा वेळी लोक श्वास रोखून धरत असतील. पारोळ्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाणं संपलं, दुसरं काय?

नाना माइक घेऊन स्टेजवर. “या मंगल प्रसंगी आपण पाहुण्यांचा सत्कार करणार आहोत!”

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढरा. माझं बोट म्यूटच्या बटणावर होतं. ते दाबलं की नानांचा माइक बंद. पण भर मांडवात नानांचा माइक बंद करणं म्हणजे पारोळ्यातला माझा धंदा बंद करणं. आणि हर्षल थांबला नव्हता. टिक-टिक चालूच होती.

इकोच्या मशीनवर एक बटण असतं. गाण्याच्या ठेक्यावर ते दोन-तीनदा दाबलं की इको त्याच ठेक्यात घुमतो. मी म्यूटवरचं बोट उचललं आणि ते बटण दाबलं.

“सोनगीरहून आलेले आमचे व्याही, राजधरआबा!”

आबा, आबा, आबा. बरोब्बर ठेक्यात. मिलिंद हुशार. शेवटच्या ‘आबा’वर त्याने गिटारीचा एक दणका दिला. टाळ्या.

“पहूरचे सुपडूभाऊ!” भाऊ, भाऊ, भाऊ, दणका. यशोदाअक्कांच्या वेळी मागच्या दोघांनी ‘आऽऽ’ असा सूरही लावला. नानांचा आवाज चढत गेला. त्यांच्या नावांना असा मान आयुष्यात मिळाला नव्हता.

“आणि धुळ्याहून आलेले, ज्यांचे चिरंजीव आपल्यासमोर वाद्य वाजवत आहेत, ते वसंतआबा!”

हर्षलची काठी एकदा चुकली. आबा किल्ली खिशात घालून वर आले. शाल घेतली, नारळ घेतला, ड्रमशेजारी उभे राहिले. पोराने घाबरून की लाजून कोण जाणे, पण ड्रमवर असा काही कडकडाट केला की मांडवातले सगळे उठून उभे राहिले. आबांना वाटलं, तो आपल्यासाठीच. होताच म्हणा.

मग ध्रुवपद. ‘जाऊ नको, मी कूलर लावतो’ अख्खा मांडव गायला. आबांना खाली उतरा असं कुणी सांगितलं नाही, म्हणून ते तिथेच राहिले. शेवटी नारळावर बोटं वाजवत होते.

खाली आल्यावर नाना मला म्हणाले, “पोरे भारी वाजाडतस. पन इको जरा कमीच व्हता.”

पुण्याहून उत्तर आलं. मध्येच अनाउन्समेंट आहेत, नियमात बसत नाही. नकार. मिलिंद तोंड पाडून माझ्या दुकानात बसला. सोबत हर्षलही होता, त्याने बॅग भरली असं सांगितलं. बोलता बोलता आबांचा फोन आला. हर्षलने तो स्पीकरवर टाकला.

आबांनी तो व्हिडिओ तोपर्यंत सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. सुरतच्या मामालाही. शाल-नारळ घेतलेले आबा आणि मागे वाजवणारा पोरगा.

“पुनावालास्ले काय समजस?” आबा गरजले. “तू कोठेच जाऊ नको. धुळ्याले मन्हा साडूकडे हळद शे, तठे हेच गानं वाजाडा. आनी मधलं थांबनं जरा लांब करा. पाव्हना जास्त शेतस.”

आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात, नको असलेला आवाज आला की तो माइक बंद करा. मी इतकंच सांगेन, आधी त्या माणसाच्या नावाला इको देऊन बघा.