भावोजींनी आणलेलं झाड

ऐंशीच्या दशकात कधीतरी माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला पर्यावरणाची बाधा झाली. शब्द तेव्हा नवा होता आणि मुंबईच्या ऑफिसात कुणाचं तरी भाषण ऐकून भावोजींनी तो उचलला होता. त्याआधी त्यांना माड कुठला आणि पोफळ कुठली हे कळत नव्हतं. नंतरही कळलं नाही, फक्त झाडांवर बोलायचा धीर आला.

आमच्या घरी नाताळच्या झाडासाठी कधी कुणी कोयता उचलला नाही. भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूचं बन आहे. तिथे वाऱ्याने मोडून पडलेली एखादी हिरवी फांदी मी सायकलला बांधून आणायचे आणि ओटीवरच्या खिडकीत, वाळू भरलेल्या बादलीत रोवायचे. समुद्राकडून वारा आला की ती सूं सूं करायची. त्या वर्षी आईची नजर पूर्ण गेली. गव्हाणीचा देखावा, दिवे, नवे कपडे, सगळं तिच्यापुरतं संपलं होतं. "मला काही नको गो, खिडकीत सुरू तेवढी लाव," हे मात्र ती रोज सांगत होती.

नाताळला भावोजी बहिणीसोबत आले ते एसटीच्या टपावरून एक लांबडा खोका उतरवून घेऊनच.

"यंदा वृक्षहत्या बंद," त्यांनी चहाच्या आधीच जाहीर केलं. "हे झाड पर्यावरणाला धरून आहे. जन्मभर टिकेल."

"प्लॅस्टिक आहे ते, भावोजी. आणि आमची फांदी पडलेलीच असते, कुणी तोडत नाही."

"आज पडलेली उचलता, उद्या तोडाल. सवयच वाईट."

मी सायकल काढली, तर आईने आतून हाक मारली. "राहूदे गो. जावईबापूंनी एवढ्या लांबून आणलंय." आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, पण जावयापुढे नांगी टाकायची जुनी खोड काही सुटली नाही. बहीण खाली मान घालून करंज्या भरत राहिली. मला त्या दोघींचा राग आला. भावोजींचा राग यावा एवढी त्यांची लायकीच नव्हती.

झाड खिडकीत उभं राहिलं. बाटल्या धुवायचा ब्रश फुगवून ठेवावा तसं दिसत होतं. भावोजींनी आईचा हात धरून त्यावर ठेवला. "बघा आई, अगदी खऱ्यासारखं." आईने बोटं फिरवली आणि म्हणाली, "छान आहे हो." त्यावर हा माणूस खुशाल खूश झाला.

संध्याकाळी आई खुर्ची ओढून खिडकीशी बसली, कान झाडाकडे करून. बराच वेळ ती तशीच बसून होती. मग तिने मला विचारलं, "आज वारा पडलाय काय गो?"

अंगणातली कागदाची चांदणी गरगर फिरत होती. मी तोंड उघडायच्या आत भावोजी उत्साहाने म्हणाले, "छे हो, आई. मस्त वारा सुटलाय."

आईने मान हलवली आणि खिडकी लावून घ्यायला सांगितली.