चार्जर ठोकायला भिंत

दसऱ्याच्या आदल्या रविवारी, सकाळी साडेअकरा वाजता, मी इलेक्ट्रिक गाडीच्या बुकिंगचे एकवीस हजार रुपये भरले. हजर होते तिघे : मी, बायको आणि शोरूमचा सेल्समन.

बायको सायखेड्याच्या शाळेत शिकवते. जाऊन-येऊन साठ किलोमीटर. मणक्याच्या डॉक्टरांनी स्कूटर बंद केली, तेव्हापासून ती दोन बस बदलून जात होती आणि संध्याकाळी पाठीला उशी लावून वह्या तपासत होती. गाडी हवी होती ती तिला.

मी तीन रात्री हिशोब केला होता. पेट्रोलची गाडी दहा लाख वीस हजार, इलेक्ट्रिक तेरा लाख ऐंशी. फरक तीन लाख साठ हजारांचा. पेट्रोलला रोजचे चारशे सोळा, घरच्या विजेवर बहात्तर. शाळेचे दिवस वर्षाला दोनशे वीस. म्हणजे फरक चार वर्षे नऊ महिन्यांत फिटणार.

"माझ्या निवृत्तीला सहा वर्षं आहेत," बायको म्हणाली. "वर सव्वा वर्ष फुकट फिरेन."

सेल्समन खूश झाला. त्याने फक्त एवढंच विचारलं, "सर, पार्किंग स्वतःचं आहे ना?"

"आहे की," मी म्हणालो.

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत चोवीस फ्लॅट आहेत. चार्जरच्या परवानगीसाठी पुढच्याच रविवारी सभा भरली. अध्यक्ष पर्यावरणाचे मोठे कैवारी. रोज सकाळी ग्रुपवर हिरव्या पानाचं चित्र टाकतात. त्यांनी आधी माझं अभिनंदन केलं.

"तुमच्या गाडीची वीज आमच्या लिफ्टच्या बिलात नको हं, भाऊ," तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या.

"वेगळा मीटर घेतोय. माझ्या खर्चाने."

"घ्या हो. पण ठोकणार कुठे?" दुसऱ्या मजल्यावरचे काका जोशात आले. "पाडव्याला चिठ्ठ्या निघाल्या की ती जागा माझी. मग चार्जर पण माझा का?"

"तुमच्याकडे तर सायकल आहे!" मी म्हणालो.

"म्हणून काय झालं? मोबाइल लावीन."

सभा हसली. आमच्याकडे पार्किंगच्या जागा दर गुढीपाडव्याला चिठ्ठ्या टाकून बदलतात. कायमची जागा कुणालाच नाही. मी म्हणालो, हा नियम आता बदलायला हवा.

अध्यक्षांनी शांतपणे कपाटातून जुनी वही काढली. "ठराव आठ वर्षांपूर्वीचा. सूचक आपणच, साहेब. 'जागेवर कोणाचीही मक्तेदारी नसावी.' अक्षरही आपलंच, सुरेख आहे."

खरं होतं. त्या वर्षी माझी तेव्हाची गाडी ड्रेनेजच्या झाकणावर उभी राहत होती, म्हणून मला समतेचा कळवळा आला होता. वहीत झाकणाचा उल्लेख नाही.

नियम बदलायला सोळा मतं लागत होती. मिळाली नऊ. अध्यक्षांचं मत विरोधात पडलं. "मी इलेक्ट्रिकच्या बाजूनेच आहे," ते मला जिन्यात म्हणाले, "पण यंदा लिफ्टशेजारची सावलीतली जागा मला लागलीये, आणि कायमच्या जागा ठरवायच्या म्हटलं की नव्याने चिठ्ठ्या, ती पाडव्याआधीच जाणार."

घरी येऊन पुन्हा कागद घेतला. बाहेरच्या चार्जिंगला रोजचे एकशे ऐंशी, शिवाय तासभर थांबणं. फरक फिटायला सहा वर्षे अकरा महिने.

"म्हणजे मी निवृत्त झाल्यावरही अकरा महिने शाळेत जायचं?" बायकोने विचारलं. मग उशी सारखी करत म्हणाली, "अहो, पुढच्या सहा वर्षांचा हिशोब केलात. आठ वर्षांपूर्वी थोडा केला असतात तर?"

नियम बदलायची वाट बघत तिला आणखी एक वर्ष बसमध्ये काढायला लावणं मला जमणार नव्हतं.

शेवटी दिले ते असे : त्याच शोरूमला पेट्रोलच्या गाडीचे दहा लाख वीस हजार, आणि पहिलं बुकिंग मोडल्याबद्दल त्यांनी कापून घेतलेले दोन हजार. सायखेड्याच्या वाटेवरच्या पंपाला, पहिल्या सोमवारी, दोन हजार. अध्यक्षांना, सोसायटीच्या वृक्षारोपणाची वर्गणी म्हणून, दोनशे, पावती घेतली.