दिवेलागणीची बंदी

"घोंगडी काढ."

चावडीपुढं पाटील असं म्हणला तवा अर्धं गाव बघत हुतं. मी माळावरून मेंढरं घेऊन आले तर वेशीतच अडवून मला चावडीपुढं आणलेलं. दिवे नुकतेच लागले हुते. म्या म्हणलं, "पाटील, आत कोकरू..." पुरं बोलूच दिलं न्हाई. गड्यानं घोंगडीला हिसका मारला. चोरलेली कणसं पडायची वाट बघायले हुते सारे. पडलं ओलं कोकरू, आत्ताच जन्मलेलं. माणसं खदाखदा हसली. माझा पदर खांद्यावर आलेला. मेल्याहून मेल्यागत झालं.

"त्याची माय माळावर पडलीय. आणते."

"दिवे लागले. आता धनगरवाड्यातलं कुणी भाईर न्हाई."

निजामाचं राज गेलं तवा वाटलं हुतं, सुटलो. कशाचं सुटलो! सुगीत खळ्यावरची ज्वारी चोरीला जायला लागली. दारू पिऊन पोरं बायांच्या आडवी यायची. पोरं कुणाची, ते सारं गाव जाणत हुतं. म्होरक्या पाटलाचा पुतण्या. पण बंदी आमच्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी! दिवेलागणीला वाड्याच्या तोंडाला काट्यांची झाप लावायची, पुढं राखणीला जागल्या बसायचा. बायांनी परसाकडं जावं कवा? दिवसा लाज, सांजला बंदी. पोट दाबून बसायचो आमी. आन् चोऱ्या? त्या चालूच.

सकाळी माळावर गेले. मेंढी लांडग्यानं फाडली हुती. मी ऊर बडवून रडले. नवरा म्हणला, "गप. गावात ऱ्हायचंय आपल्याला." त्याचा लय राग आला मला.

चैतात पाटलाचा गडी आला. रानं रिकामी झाली की शेतात रातभर मेंढरं बसवतात, लेंड्यांचं खत पडतं. "आज रातच्याला पाटलाच्या रानात बसवा," म्हणला. मामंजी काठी घेऊन मेंढरं हाकायला उठलेच.

मी आडवी आले. "दिवे लागल्यावर आमाला बंदी हाय. पाटलाचाच हुकूम."

"ती ह्याला न्हाई."

"मग कशाला हाय? आमची मेंढी लांडग्याला घालायला?"

मग पाटील सोता आला. आमच्या वाड्यात पहिल्यांदाच.

"लय जीभ चालायलीय. गायरान बंद करीन."

"करा. दुसऱ्या गावाला जाऊ. तुमच्या रानात लेंडी पडायची न्हाई."

मामंजी पाटलाला हात जोडायले हुते. नवऱ्यानं मान खाली घातली. भ्या मलाबी वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याच सांजला मी झाप ढकलली आन् तांब्या घेऊन भाईर पडले. मागून दोघी जावा आल्या. जागल्या वरडला, "ए, माघारी फिरा!" कुणी वळून बघितलं न्हाई.

साऱ्या गावाला सांगते, ज्यानं चोरी केली त्याला धरा. साक्ष मी देते, पुतण्याचं नाव घेऊन, पाटलाच्या तोंडावर. बंदीच पाहिजे तर पाटलाच्या दारापासून सुरू करा. आमाला कोंडायचा हक कुणाला न्हाई. उद्या जागल्याच्या जागी शिपाई बसवा. मी भाईर जाणार.