मामांच्या गावचं भविष्य

आता हसू नका. म्हणजे हसा, पण माझ्या तोंडाकडे बघून हसू नका. मामेभावाचं जमत आलेलं लग्न मी मोडलं. भांडून नाही, चहाडी करून नाही. गोष्ट वाचून! पंधरा पानांची, स्वतः लिहिलेली!

नव्वदच्या दशकातली हकिकत. शहापुरात माझी कारकुनी, घरात नळ आणि डोक्यात लेखक व्हायचं वारं. भविष्यातल्या एका भयंकर राज्याची गोष्ट मी लिहिली होती, पन्नास वर्षांनंतरची. गावाच्या उशाला धरण, पण पाणी सगळं शहराला. बाया झऱ्यावर रांग लावून वाटीवाटीनं हंडा भरतायत. घराला कुलूप नाही, पाण्याच्या पिंपाला आहे! म्हटलं, समाजाला असा आरसा दाखवू की वाचणाऱ्याची झोप उडेल. उडाली हो. माझीच उडाली.

मामा डोळखांबकडचे. बुद्धपौर्णिमेच्या आधी त्यांचा निरोप आला. "विहारात कार्यक्रम हाय. सापगावचे पावने त्याच दिशी घर बघायला येनारेत. तू ये, तुझी ती गोष्ट वाच. भाचा लेखक हाय म्हटल्यावर वजन पडंल."

मुलगी विलासला, म्हणजे मामांच्या मुलाला, पसंत होती. त्याआधी चार ठिकाणचे नकार पचवून बसला होता बिचारा. ते नकार कशामुळे आले, हे विचारायचं मला सुचलंच नाही. एवढा शहाणा मी!

गेलो. अंगणात तीन पिंपं काठोकाठ भरलेली. मामी पाहुण्यांच्या पायांवर तांब्या-तांब्यानं पाणी ओततेय. मला वाटलं, वा, मामांचं बरं चाललंय!

विहारात वंदना झाली आणि मी वाचायला उभा राहिलो. दुसऱ्याच पानाला मामांना खोकला लागला. मला वाटलं, भारावले. झरा आला तशी मामी डोळे मोठे करून खुणावायला लागली. मी आवाज आणखी चढवला. तेवढ्यात मागून एक म्हातारी मोठ्यानं बोलली, "बाय गो, ह्यो तर आपलाच झरा!"

मुलीचे वडील पुढं सरकले.

"भाऊ, ही गोष्ट खरी का?"

"नाय हो पावने!" मामा घाईनं म्हणाले. "गोष्टच ती. पोरानं मनानं रचलीय."

इथं तोंड मिटलं असतं तर काय बिघडलं असतं माझं? पण "मनानं रचलीय" म्हणे! लेखकाचा असा अपमान?

"असं कसं मामा?" मी छाती काढून म्हणालो. "अशा गोष्टीत भविष्य नुसतं नावाला असतं. टीका आजच्यावर असते! यातला शब्द न् शब्द याच गावचा आहे. लहानपणी सुट्टीत बघितलेलं सगळं. साल तेवढं पुढं ढकललंय."

टाळ्या येतील म्हणून थांबलो. आले ते पाहुणे, उठून मामांपाशी.

"आमच्याकडं नदी हाय," ते शांतपणे म्हणाले. "माझी पोर वाटीनं पानी भरनार नाय. आन् मंग ती पिंपं?"

"तीन दिस भरत होतो," मामांनी मान खाली घातली. "तुमी येनार म्हणून."

विलास उठला. पाहुण्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेला, जय भीम करून परत आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांचे हाल बघून मी लेखक म्हणून मिरवत होतो, त्यांनाच चारचौघांत उघडं पाडलं होतं. त्यांनी झाकलेलं ते मला दिसलंसुद्धा नव्हतं.

घरी आलो तर मामी पाहुण्यांसाठी मांडलेली ताटं उचलत होती. मी जवळ गेलो.

"मामी, चुकलं माझं."

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. "गोष्ट कवाची म्हनलास रे? पन्नास वर्षांनंतरची ना?"

"हो."

"मंग पन्नास वर्षांनी वाचायची व्हती बाबा! तवर माझी सून तरी घरात आली असती."